क्लीव्हलंडचा हप्ता

"ही बघ माझी नोट," असं म्हणून दादाने डायनिंग टेबलवर एक जाडजूड पाकीट ठेवलं. मी अजून अर्धी जेटलॅगमध्ये. नोट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली ती पाचशेची. पाकिटातून निघाले ते मात्र झेरॉक्सचे चाळीसएक कागद, वर स्टेपलरच्या पिना, खाली कुणाच्या तरी सह्या. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातल्या एका घरावरच्या कर्जाचे ते कागद होते. माझ्या मावसभावाने ते कर्ज विकत घेतलं होतं. घर नव्हे हं, कर्ज!

हा २०२४चा ऑक्टोबर. मावशीला पहिल्यांदाच लेकाकडे अमेरिकेला यायचं होतं आणि मधे विमान बदलायची तिला भयंकर धास्ती. म्हणून सोबत मी. फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा असतो, घरातल्या सगळ्यांच्या मते तुम्हाला कायम सुट्टीच असते. दादा राहतो न्यू जर्सीतल्या एडिसनला, ओक ट्री रोडपासून दहा मिनिटांवर. म्हणजे वडापाव, दिवाळीचे कंदील आणि 'कसं काय, बरं ना?' हे सगळं गाडीच्या अंतरावर. वय चव्वेचाळीस, नोकरी आयटीत, डोंबिवलीचा हिशेबी स्वभाव जशाच्या तसा.

"म्हणजे तू बँक आहेस?" मी विचारलं.

"मी नाही गं. माझं रिटायरमेंटचं खातं बँक आहे."

हे वाक्य कळायला मला दोन दिवस आणि चार कप चहा लागले. तर तुम्हालाही थोडक्यात सांगते.

अमेरिकेत घर घेताना माणूस दोन कागदांवर सह्या करतो. एक प्रॉमिसरी नोट, म्हणजे 'मी इतके पैसे इतक्या व्याजाने फेडीन' ही वचनचिठ्ठी. दुसरा गहाणखताचा, म्हणजे 'नाही फेडले तर घर तुमचं'. ही जोडी बँक पुढे विकू शकते. मोठमोठ्या गठ्ठ्यांनी तर तिथे ती वर्षानुवर्षं विकली जातेच. पण त्या बाजाराच्या तळाशी एक छोटा बाजार आहे. तिथे थकलेली, मधेच थकून पुन्हा सुरू झालेली, छोट्या गावांतली, छोट्या रकमेची कर्जं एकेकटी विकली जातात. ती घेणारे दादासारखे लोक असतात. आपल्याकडे बँका बुडीत कर्जं विकतात ती ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपन्यांना. डोंबिवलीत बसून तुम्ही-आम्ही शेजाऱ्याचं होमलोन विकत घेऊ शकत नाही. (कल्पना करून बघा. सोसायटीच्या मीटिंगा काय रंगल्या असत्या!)

दादाच्या नोटेवर ४६ हजार डॉलर येणं बाकी होतं, व्याज ७ टक्के, मुदत अजून पंधरा वर्षं, हप्ता ४१३ डॉलर. कर्ज एकदा थकून पुन्हा सुरळीत झालेलं, म्हणून ते त्याला ३१ हजारांत मिळालं. जानेवारी २०२३. कॅल्क्युलेटर काढा. वर्षाचे हप्ते ४,९५६ डॉलर, म्हणजे घातलेल्या पैशांवर जवळजवळ १६ टक्के. त्यात मुद्दलही परत येत असतं, त्यामुळे तो सगळा नफा नव्हे, पण आकडा ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं हे कबूल करते. माझ्या एफडीचं व्याज आठवलं आणि तोंड कोरडंही पडलं.

आता खात्याची गंमत. अमेरिकेत १९७४च्या एका कायद्याने इंडिव्हिज्युअल रिटायरमेंट अकाउंट, म्हणजे आयआरए सुरू झालं. आपल्या पीपीएफसारखं, पण पैसा कुठे गुंतवायचा ते तुम्ही ठरवायचं. बहुतेक जण शेअर आणि फंडांत ठेवतात, कारण नेहमीच्या ब्रोकरकडे तेवढंच मिळतं. पण कायद्यात काय काय चालतं याची यादीच नाही, काय चालत नाही तेवढंच लिहिलंय. आयुर्विमा नाही. चित्रं, पुराणवस्तू, हिरे-माणकं, पोस्टाची तिकिटं, दारूच्या जुन्या बाटल्या असल्या हौशीच्या गोष्टी नाहीत. बाकी जमीन, घर, कुणाला दिलेलं कर्ज, सगळं चालतं. फक्त ते सांभाळायला तयार असणारा कस्टोडियन हवा. याला म्हणतात सेल्फ-डिरेक्टेड आयआरए. दादाने पहिल्या कंपनीतून बाहेर पडताना तिथला फोर-ओ-वन-के, म्हणजे तिकडचा पीएफ म्हणा, उचलून अशा खात्यात टाकला होता.

सेल्फ-डिरेक्टेड म्हणजे काय, तर गाडी तुम्ही चालवायची आणि ठोकली तर तुम्हीच बघायचं. कस्टोडियन कागद सांभाळतो, फी घेतो, पण तुम्ही घेताय ती वस्तू खरी आहे की खोटी हे तपासत नाही. तिथल्या सेबीने, म्हणजे एसईसीने, २०११ मध्ये खास याच खात्यांतल्या फसवणुकीबद्दल इशारा काढला होता. दादाच्या ओळखीतल्या एकाने तो वाचला नव्हता. त्याच्या स्टेटमेंटवर दोन वर्षं मोठा आकडा छापून येत होता. आकडा होता, पैसे नव्हते!

आणि या खात्यातला पैसा तुमचा असून तुमचा नाही. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलात तर टॅक्स भराच, वर साधारणपणे दहा टक्के दंड. (साडेएकोणसाठ! वयाचं अर्धं वर्ष मोजणारा कायदा मी पहिल्यांदाच पाहिला. लहान मुलं मोजतात तसं.) खात्याच्या पैशाने घेतलेल्या वस्तूचा खर्च खात्यातूनच व्हायला हवा, कमाई खात्यातच यायला हवी. खात्याने तुमच्याशी, तुमच्या नवरा-बायकोशी, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, सुना-जावयांशी कुठलाही व्यवहार करायचा नाही. केलात तर त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते खातं रिटायरमेंटचं राहतच नाही, सगळी रक्कम एकदम हातात आली असं धरतात. पण या यादीत सख्खा भाऊ नाही, बहीणही नाही! भावाशी जमिनीचा व्यवहार चालेल म्हणे. हा कायदा लिहिणाऱ्याने आपल्याकडची कोर्टं बघितलेली नसावीत.

तर मी पोचले तेव्हा परिस्थिती अशी होती. त्या घरातून नऊ हप्ते आले आणि सप्टेंबर २०२३ नंतर बंद. तेरा महिने शून्य. दादाला याची काळजी होतीच, पण खरी झोप उडवली होती एका वेगळ्याच कागदाने. काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्सही थकला होता, २,९०० डॉलर. आणि घरावर पहिला हक्क टॅक्सचा, गहाणखताचा नंतर. काउंटीने टॅक्ससाठी घर लिलावात काढलं तर दादाच्या नोटेला कागदाचीच किंमत.

"मग भर ना," मी म्हटलं. "तुझ्या दोन महिन्यांच्या गाडीच्या हप्त्याएवढेच तर आहेत."

"माझ्या खिशातून नाही भरता येत. खात्यातून भरायला हवेत. खात्यात आहेत अकराशे पन्नास."

"मग खात्यात टाक."

"वर्षाला सात हजारच टाकता येतात. या वर्षीचे जानेवारीतच टाकून झालेत. आता पुढच्या जानेवारीत."

आताच्या कंपनीतला फोर-ओ-वन-के नोकरीत असेपर्यंत हलवता येत नव्हता. वहिनी इतका वेळ भाजी चिरत होती. ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "आपले पैसे, आपलंच खातं, आणि भरता येत नाहीत. धन्य आहे!" मावशीने यावर लगेच डोंबिवलीतली एफडी मोडायची तयारी दाखवली. वकील म्हणाला, आईचे तर मुळीच नकोत, त्या वाटेला जाऊच नका. मावशीला वाटलं वकिलाने तिचा अपमान केला. दिवसभर ती कुणाशी धड बोलली नाही.

वकिलाचा दुसरा सल्ला होता फोरक्लोजर. ओहायोत ते कोर्टातूनच होतं. खर्च काही हजार डॉलर, वेळ वर्षभर किंवा जास्त, शेवटी शेरीफ घराचा लिलाव करणार. ठरवायचं होतं दादाने. म्हणून त्याने ठरवलं की आधी घर बघून येऊ. घेताना त्याने फक्त फोटो आणि ब्रोकरने सांगितलेली किंमत बघितली होती.

शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं निघालो. एडिसन ते क्लीव्हलंड साधारण सव्वासातशे किलोमीटर, त्यातलं बहुतेक पेनसिल्व्हेनिया. झाडं नुसती पेटली होती, लाल-पिवळी. वहिनीने दिलेले थालीपिठाचे तुकडे आणि दर दोन तासांनी कॉफी. मी नोटबुक घेतलं होतं. खोटं कशाला बोलू, मला स्टोरी दिसत होती. 'एनआरआय सावकार' असं हेडिंगसुद्धा मी मनात लावून टाकलं होतं.

ते घर शहराच्या आग्नेय भागातलं. तिकडे जाताना स्लाव्हिक व्हिलेज नावाचा भाग लागतो. पोलंड आणि चेक प्रांतातून आलेल्या, स्टील मिलमध्ये काम करणाऱ्या लोकांनी वसवलेला. म्हणजे त्यांचं गिरणगावच. मिलचं काम आटलं आणि मग २०००च्या दशकात घरकर्जांचा धुमाकूळ आला. ज्यांना परवडणारच नव्हती त्यांनाही कर्जं दिली गेली, विकली गेली, पुन्हा विकली गेली. २००७ मध्ये फोरक्लोजरसाठी या भागाचं नाव देशभर झालं. जानेवारी २००८ मध्ये क्लीव्हलंड शहराने २१ बँका आणि वित्तसंस्थांवर खटला भरला होता, तुमच्यामुळे आमचं गाव बसलं म्हणून. तो पुढे फेटाळला गेला. आजही तिथे दोन घरांमधे एकदम मोकळं गवत लागतं. तिथे घर होतं, पाडलं. दात पडलेल्या माणसासारखे दिसतात ते रस्ते.

आमचं घर ('आमचं'! बघा, मीही बँकेसारखं बोलायला लागले) दुमजली, लाकडी, पोर्चचा एक खांब तिरका. दादाने गाडी समोरच्या बाजूला लावली. उतरायचं नाही असं आधीच ठरलं होतं. हप्ता वसूल करायला सर्व्हिसर नावाची परवानाधारक कंपनी असते, बोलणं-पत्र-फोन सगळं तिच्यामार्फत. मालकाने स्वतः जाऊन दार वाजवायचं नाही, वकिलाने तीनदा बजावलेलं.

"मी जाऊ का? मी पत्रकार म्हणून जाते."

"तू माझ्या गाडीतून उतरणार आहेस," दादा म्हणाला. विषय संपला.

वीसएक मिनिटांनी दार उघडलं. साठीच्या आसपासची बाई, अंगात नाइट गाऊनवर जाड कोट, हातात कचऱ्याचा चाकांचा डबा. डबा एका हाताने ओढायचा, दोन पावलं टाकायची, गुडघ्यावर हात ठेवून थांबायचं, पुन्हा दोन पावलं. फुटपाथपर्यंत यायला तिला चांगला वेळ लागला. डबा नीट सरळ लावला, आमच्या गाडीकडे बघितलं आणि हात हलवला. तिकडे अनोळखी माणसालाही करतात तसा. दादाने हात हलवला. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला.

मी फोनवर एक फोटो काढला होता. पेनसिल्व्हेनियात शिरताना डिलीट केला.

मला त्या गाडीत काय आठवत होतं ते सांगायला हवं. मी बारा वर्षांची असताना, २००९ मध्ये, बाबांची कंपनी बंद पडली. एक्स्पोर्टचं काम होतं, माल जायचा अमेरिकेत, आणि सप्टेंबर २००८ नंतर तिकडून ऑर्डरीच यायच्या बंद झाल्या. डोंबिवलीच्या आमच्या वन-बीएचकेचे हप्ते थकले. एका रविवारी सकाळी एक गृहस्थ आले. शर्ट इन केलेला, हातात रेक्झिनची बॅग. दमदाटी वगैरे काही नाही. सोफ्यावर बसले, आवाज अगदी खालचा. आईने त्यांना पोहे दिले. त्यांनी ते खाल्ले नाहीत, ताटली नुसती मांडीवर धरून बसले. आई आत येऊन म्हणाली, "त्यांनाही लाज वाटतेय गं." पुढच्या महिन्यात बाबांनी पीएफ काढला. दोन लाख दहा हजार. घर राहिलं. आज बाबा त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि एका मेडिकल दुकानाचे हिशेब लिहायला जातात. वेळ जातो म्हणून, असं ते सांगतात.

हे सगळं मी दादाला परतीच्या वाटेवर सांगितलं. त्याला ठाऊक नव्हतं. २००९ मध्ये तो इथेच होता, त्याची स्वतःची नोकरी डुगडुगत होती आणि आमच्या घरच्यांनी त्याला काही कळवलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका बोलले का नाहीत?" याला काय उत्तर देणार? आपल्याकडे माणसं बोलतात का?

पुढे तो असंही म्हणाला, आणि मला ते आवडलं नव्हतं, की "पण मी धर्मादाय संस्था नाहीये. हे पैसे माझ्या म्हातारपणाचे आहेत." तेव्हा मी फणकाऱ्याने खिडकीबाहेर बघत बसले. आता लिहिताना वाटतं, ते बरोबरच होतं. ३१ हजार डॉलर ही त्याच्या खात्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा रक्कम होती. त्यातले ३,७१७ परत आलेले. नोकरी गेली तर त्यालाही कोणी सोफ्यावर येऊन बसणारच आहे.

घरी आल्यावर त्याने सर्व्हिसरला मेल लिहिला. फोरक्लोजर थांबवा, बाईंना परवडेल असा हप्ता विचारा. तिकडून कळलं ते इतकंच. बाई दुकानात उभं राहून काम करायच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कामाचे तास अर्ध्यावर आले. पहिल्या चार पत्रांना त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण पाकिटंच उघडली नव्हती. (मला बँकेची पाकिटं फ्रिजवर ठेवणारी आई आठवली. न उघडता, एकावर एक.) मी परत आले तोवर एवढंच झालं होतं. डिसेंबरात करार बदलला. व्याज ७ वरून ५ टक्के, हप्ता २९० डॉलर, थकलेले हप्ते सगळ्यात शेवटी ढकलले. टॅक्सचं मात्र नवीन वर्ष उजाडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं होतं. त्या दोन महिन्यांत दादा रोज रात्री काउंटीच्या रेकॉर्डमध्ये त्या घराचा नंबर टाकून बघायचा. वहिनी म्हणते, "इतकं त्याने माझं फेसबुकसुद्धा लग्नाआधी बघितलं नव्हतं." जानेवारी २०२५ला सात हजार खात्यात टाकले आणि त्यातून कस्टोडियनने टॅक्स भरला.

नव्या हप्त्याने कर्ज फिटायला साधारण बावीस वर्षं लागणार. तेव्हा दादा सहासष्ट वर्षांचा असेल आणि त्या बाई... असो. घर विकलं गेलं तर पैसे आधीच मिळतील, हेही त्या कागदात लिहिलेलं आहेच. आणि हप्ता पुन्हा थकला तर फोरक्लोजर होणार, हेही आहे. दादाने ते कलम काढलेलं नाही.

आणि माझं काय? मला आयआरए उघडता येणार नाही, त्याला तिकडची कमाई लागते. माझी कमाई म्हणजे शब्दामागे अमुक आणि चेक तीन महिन्यांनी. पण परत आल्यावर मी कपाटातलं पीपीएफचं पासबुक शोधून काढलं. २०२१ मध्ये मोठ्या उत्साहाने उघडलेलं, पुढची दोन वर्षं पाचशे रुपयेसुद्धा भरलेले नाहीत, म्हणून खातं बंद अवस्थेत. पोस्टातल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे पाचशे आणि दंड पन्नास. एकूण अकराशे रुपयांत माझं म्हातारपण पुन्हा चालू झालं. वर या वर्षाचे वेगळे. व्याज ७.१ टक्के. सोळा नव्हेत. पण यासाठी मला कुणाच्या दारासमोर गाडी लावून बसावं लागणार नाही.

बाबांना मी ही सगळी कथा सांगितली. त्यांनी सोफ्याचा किंवा पोह्यांचा विषय काढला नाही, मीही नाही. फक्त विचारलं, "त्या बाईंचा हप्ता कितीला येतो?"

"पाच तारखेला."

आता दर महिन्याच्या सहा तारखेला ते दादाला व्हॉट्सॲप करतात. 'आला का?' एवढंच. दादा अंगठा पाठवतो. फेब्रुवारीत आला. मार्चमध्ये आठ दिवस उशीर झाला, तेव्हा बाबांनी तीनदा विचारलं, आणि चौथ्यांदा मला फोन करून म्हणाले, "त्याला सांग, थोडं थांब म्हणावं. गुडघ्याचं दुखणं थंडीत वाढतं." तेराव्या दिवशी अंगठा आला.